धुळीआडचा तारा आणि त्याचा 'कॉल': मेसरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो. आमचं गाव रामटेक तालुक्यात, पेंचच्या जंगलाच्या कडेला. शनिवारी रात्री जेवणं आटोपली की शाळेमागच्या वावरात दहा-वीस माणसं जमतात. पोरं असतात, जागलीला निघालेले शेतकरी असतात, कधी एखादा रिसॉर्टवरचा पाहुणा वाट चुकून येतो. मागच्या हिवाळ्यात मी एकदा मेसरचा विषय काढला, तो अजून सुटलेला नाही. दर शनिवारी कोणीतरी नवा येतो आणि तेच प्रश्न पुन्हा येतात. म्हणून हे पान. प्रश्न जमेल तितके विचारणाऱ्यांच्याच बोलीत ठेवलेत.

मेसर म्हणजे काय जी? लेसरचा भाऊ का?

मोठा भाऊ. वरातीत डीजेच्या गाडीवरून जो हिरवा पट्टा थेट पिंपळाच्या शेंड्यापर्यंत जातो, तो लेसर. तीच करामत दिसणाऱ्या प्रकाशाऐवजी सूक्ष्मलहरींमध्ये झाली की तिला मेसर म्हणायचं. सूक्ष्मलहरी म्हणजे मोबाइलचा टॉवर आणि डीटीएचची छत्री ज्या जातीच्या लहरींवर चालतात त्या.

पहिला मेसर १९५४ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात चार्ल्स टाउन्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अमोनिया वायू वापरून चालवला. काम सुरू असताना त्यांच्याच विभागातले दोन ज्येष्ठ, राबी आणि कुश, त्यांच्या खोलीत येऊन म्हणाले होते की हे होणार नाही, पैसा वाया चाललाय, थांबव. राबींना तेव्हा नोबेल मिळालेलं होतं, कुश यांना पुढे मिळालं. टाउन्स थांबले नाहीत. १९६४ चं भौतिकीचं नोबेल त्यांना आणि सोव्हिएत रशियातल्या बासोव्ह व प्रोखोरोव्ह यांना मिळून दिलं गेलं. वरिष्ठांनी 'सोडून दे' म्हटल्याचा अनुभव माझ्या वर्गातल्या बऱ्याच पोरांना आहे, म्हणून ही गोष्ट मी जरा जास्तच रंगवून सांगतो.

मंग वरतं ढगात मेसर कोण बसवला?

कोणीच नाही. आपल्याला जे यंत्र बनवायला एवढी डोकेफोड करावी लागली, ते आकाशात आपोआप चालू होतं.

आपल्या विहिरीचं बघा. पाणी नेहमी खाली असतं, ते आपणहून टाकीत चढत नाही. रेणूंचंही तसंच. प्रत्येक रेणूला ऊर्जेच्या ठराविक पायऱ्या असतात, आणि रेणू मोकळे सोडले तर खालच्या पायरीवर गर्दी, वरच्या पायरीवर तुरळक. आता बाहेरून एखादी लहर आली, तिची कंपनसंख्या या दोन पायऱ्यांमधल्या फरकाशी तंतोतंत जुळली, तर दोन गोष्टी घडू शकतात. खालचा रेणू ती लहर गिळून वर चढेल. किंवा वरचा रेणू खाली उतरेल आणि उतरताना हुबेहूब तशीच दुसरी लहर सोडेल, त्याच दिशेने, त्याच तालात. हे दुसरं घडू शकतं असं आइन्स्टाइन यांनी १९१७ च्या सुमाराला कागदावर दाखवून ठेवलं होतं. खाली गर्दी असेल तर गिळणारे जास्त, लहर विझते. वर गर्दी असेल तर देणारे जास्त, आणि एकीच्या दोन, दोनाच्या चार होत जातात.

म्हणजे पाणी आधी टाकीत चढवून ठेवायला हवं. शास्त्रज्ञही याला पंपिंगच म्हणतात, उपमेसाठी मी आणलेला शब्द नाही. आपला पंप थ्री-फेजवर चालतो. ढगातला पंप दोन तऱ्हेने चालतो: कुठे गरम धुळीतून येणारी अवरक्त किरणं (डोळ्यांना न दिसणारी, उष्णतेची) रेणूंना वर ढकलतात, कुठे वेगाने येणारा वायू थंड वायूवर आदळतो आणि त्या धक्क्याधक्कीत रेणू वर चढतात. पुढच्या सगळ्या प्रश्नांची किल्ली इथे आहे, कारण दोन्ही पंपांना वीज पुरवणारा लपलेला असतो तो जन्माला येणारा तारा.

तालाबद्दल पोरांना मी पोळ्याची आठवण करून देतो. तोरणाखाली बैलजोड्या उभ्या असतात, एक जण झडती म्हणतो, आणि शेवटाला सगळं गाव एकदम 'हर बोला हर हर महादेव' करतं. आवाज एकाने दिला, पण उठला तो शेकड्यांचा, एकाच क्षणी आणि एकाच सुरात. बाजारात गावभर लोक बोलतच असतात, पण तो गोंगाट असतो. झडतीला जे होतं ते मेसर.

यानं तारा जन्मते हे कसं समजते?

माझा मावसभाऊ पेंचला गाइड आहे. जिप्सीतल्या पाहुण्यांना वाटतं गाइड वाघ शोधतो. गाइड वाघ शोधतच नाही, तो कान देऊन बसतो. वानराने खकारा दिला, चितळ ओरडलं, सांबराने ढाँक केली की तो ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवतो: 'कॉल आला.' वाघ गवतात आहे, दिसत नाही, पण तो आहे, जवळ आहे, आणि साधारण कोणत्या अंगाला आहे हे कळलं.

मेसर हा धुळीत लपलेल्या ताऱ्याचा कॉल आहे. ओरडतो तारा नाही, त्याच्याभोवतीचे रेणू.

आणि जंगलात जसा प्रत्येक कॉलचा भरवसा वेगळा, तसा इथेही. मावसभाऊ म्हणतो, चितळाचं काय, ते कुत्र्यालाही ओरडते, पण सांबर ओरडलं म्हणजे गाडी वळवायची. आकाशातलं चितळ म्हणजे पाण्याचा मेसर. तो मोठ्या बाळताऱ्यांजवळ सापडतो, छोट्यांजवळ सापडतो, आणि मरणपंथाला लागलेल्या म्हाताऱ्या ताऱ्यांच्या भोवतीसुद्धा सापडतो. नुसत्या पाण्याच्या मेसरवरून जन्म की मरण ते ठरत नाही, बाकीच्या खुणा बघाव्या लागतात. हायड्रॉक्सिलचंही (ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या एकेका अणूचा रेणू) तसंच: १६६५ मेगाहर्ट्झचा जोरदार असेल तर बहुधा नवा, वजनदार तारा, १६१२ चा असेल तर बहुधा म्हातारा. सिलिकॉन मोनॉक्साइडचे मेसर जवळजवळ सगळे म्हाताऱ्यांचेच, मृगातला एक ठळक अपवाद आणि इतर मोजके सोडले तर.

सांबर कोण? मिथेनॉल, ६.७ गिगाहर्ट्झवरचा. १९९१ मध्ये खगोलशास्त्रज्ञ कार्ल मेंटेन यांनी तो जगापुढे आणला. आजवर आकाशगंगेत हजाराच्या आसपास जागी तो सापडलाय, आणि प्रत्येक वेळी त्याच्या मुळाशी एकच गोष्ट निघते: सूर्याच्या आठपट किंवा त्याहून जास्त वजनाचा, अजून घडत असलेला तारा. दुसऱ्या कशासाठी तो ओरडतच नाही. इतका खात्रीचा कॉल जंगलातही नाही.

उलट मात्र धरू नका. कॉल नाही म्हणून वाघ नाही असं कोणताच गाइड म्हणणार नाही. मेसर फक्त ठराविक काळ चालतो, मिथेनॉलचा बहुधा काही दहा हजार वर्षं, आणि तोही आपल्या दिशेने तोंड असेल तरच ऐकू येतो.

पण तारा सरळ दुर्बिणीतून काहून नाही दिसत?

धूळ. तारे ज्या ढगात घडतात तो आधी प्रचंड थंड असतो, उणे दोनशे साठ अंशांच्या आसपास, आणि त्यात धुराच्या कणांएवढी बारीक धूळ मिसळलेली असते. नोव्हेंबरात धानाची तणस जाळली की समोरच्या गावाचे दिवे दिसेनासे होतात, पण रेडिओ आणि मोबाइल चालूच राहतात. सेंटिमीटर लांबीच्या लहरींना एवढे बारीक कण आडवे येत नाहीत.

शिवाय वजनदार तारे दुर्मिळ असतात, बहुतेक हजारो प्रकाशवर्षं दूर असतात, आणि घाईत जन्मतात. लाखभर वर्षांत काम आटोपतं, म्हणजे ताऱ्यांच्या हिशेबात पापणी लवेपर्यंत. ढग फोडून तो बाहेर दिसायला लागतो तेव्हा बाळंतपण कधीच होऊन गेलेलं असतं.

एवढा जोरात चमकते म्हणजे ढग आगीसारखा गरम असन?

नाही, आणि इथेच भलेभले फसतात. एखाद्या पाण्याच्या मेसरइतकी चमक साध्या तापलेल्या वस्तूतून हवी असेल तर ती वस्तू लाखो कोटी अंशांना तापवावी लागेल. प्रत्यक्षात तो वायू फार तर काहीशे अंशांचा असतो. चमक तापमानाची नाही, गुणाकाराची आहे.

गुणाकाराला लांब रस्ता लागतो. कपाशीच्या वावरात आडवं उभं राहिलं तर चार झाडांपलीकडे काही दिसत नाही. पण तासाच्या तोंडाशी, नेमकं दोन ओळींच्या मधे उभं राहा, नजर थेट पलीकडच्या धुऱ्याला जाते. मेसरला अशीच सरळ ओळ लागते: आपल्या नजरेच्या रेषेत, कित्येक कोटी किलोमीटर, सगळे रेणू आपल्या संदर्भात एकाच वेगाने चाललेले. वेग जरा बदलला की डॉप्लर परिणामाने कंपनसंख्या सरकते आणि पुढचे रेणू त्या लहरीला ओळख देत नाहीत. म्हणून ढग भलामोठा असला तरी मेसर त्यात ठिपक्याठिपक्यांनी दिसतो, एकेक ठिपका पृथ्वी-सूर्य अंतराच्या मापाचा. आणि म्हणूनच प्रत्येक ठिपका आपला वेग स्वतःच सांगतो.

आकाशगंगेतला सगळ्यात जोरदार पाण्याचा मेसर डब्ल्यू-४९ नावाच्या भागात आहे. आपला सूर्य सगळ्या रंगांत मिळून जेवढी शक्ती बाहेर टाकतो, साधारण तेवढी तो एकट्या बारीक पट्ट्यात टाकतो.

वरतं पाणी हाय म्हणता, मंग पाऊस काहून नाही पडत?

कारण तो आपल्यासारखा ढग नाही. ज्या जागी पाण्याचे मेसर चालतात त्या तशा दाट समजल्या जातात, तरी तिथे एका घन सेंटिमीटरमध्ये हायड्रोजनचे काही कोटी ते हजार कोटी रेणू. आपल्या हवेत तेवढ्याच जागेत अडीच कोटी-कोटी-लाखाच्या घरात. आमच्या मापाने ती जवळजवळ रिकामी जागा. पाणी तिथे सुटासुटा रेणू म्हणून असतं, थेंब म्हणून नाही.

पावसाचा संबंध मात्र दुसरीकडून येतो. पाण्याचा मेसर २२.२ गिगाहर्ट्झवर ऐकू येतो, आणि आपल्या हवेतली वाफही त्याच भागातल्या लहरी गिळते. पाणी ते पाणीच. म्हणून जुलैतल्या दमट रात्री या कामाला वाईट आणि जानेवारीची कोरडी थंडी उत्तम. हवामानवाले हीच गोष्ट उलटी वापरतात, त्या पट्ट्यातल्या लहरी मोजून हवेत वाफ किती आहे ते काढतात.

मिथेनॉल म्हणजे दारूच ना गुरुजी?

हा प्रश्न हमखास येतो, आणि विचारणारा दरवेळी मागच्या ओळीतला असतो. एकदा वर्ध्याकडचे पाहुणे आले होते, त्यांनी तर 'आमच्या जिल्ह्यात बंदी, वरतं मोकळं' असं म्हणून टाळ्या घेतल्या.

मोहाच्या दारूत चढतं ते इथेनॉल. मिथेनॉल त्याचा चुलतभाऊ, पण विषारी. विषारी दारूने माणसं आंधळी होतात, दगावतात, ती बहुतेक याच्यामुळे. मेसर करतं ते हे मिथेनॉल. इथेनॉलही अवकाशात आहे, आकाशगंगेच्या मध्याजवळ धनू राशीतल्या एका ढगात ते १९७५ मध्ये सापडलं. मात्र ग्लासभर गोळा करायला एवढी जागा गाळावी लागेल की परत येताना भट्टी थंड झालेली असेल.

विनोद सोडला तर मिथेनॉलची घडण फार सुंदर आहे. ते हवेत घडत नाही. धुळीच्या कणावर बर्फाचा पापुद्रा बसतो, त्यात कार्बन मोनॉक्साइड गोठलेला असतो, त्याला हायड्रोजनचे अणू एकेक करून चिकटत जातात आणि मिथेनॉल तयार होतं. ते तिथेच गोठून पडून राहतं, हजारो वर्षं. मग जवळ कुठेतरी तारा पेटायला लागतो, धूळ तापते, आणि पापुद्रा उडून सगळं मिथेनॉल एकदम मोकळं होतं. मोह टपटपायला लागला की वास जसा गावापर्यंत येतो, तसं. तारा नसता तर ते मोकळं झालं नसतं, आणि गरम धूळ नसती तर पंपही चालला नसता. या मेसरचा भरवसा एवढा का, ते यातून समजतं.

मिथेनॉलचे मेसर दोन जातींचे असतात. ६.७ आणि १२.२ गिगाहर्ट्झवाले ताऱ्याला खेटून, अवरक्त किरणांवर चालणारे. ३६ आणि ४४ गिगाहर्ट्झवाले जरा लांब, बाळताऱ्यातून निघालेला झोत जिथे ढगाला धडकतो तिथले.

हे सगळ्यात आधी कोणाले सापडलं? बाहेरच्या लोकांचा सिग्नल त नाही?

तसा संशय घ्यायला जागा होती खरी. १९६३ मध्ये हायड्रॉक्सिल हा रेणू अवकाशात ओळखला गेला, १८ सेंटिमीटर लहरींवर. दोन वर्षांनी, १९६५ मध्ये, बर्कलीच्या गटाने काही तेजोमेघांकडे त्याच लहरींवर बघितलं तर भलतंच. ज्या रेषा ठराविक प्रमाणात यायला हव्यात त्यांचं प्रमाण पार बिघडलेलं, एक प्रचंड जोरात, दुसरी जवळपास गायब. रेषा अतिशय बारीक. तीव्रता बदलती. हा कुठला पदार्थ कळेना, म्हणून त्यांनी त्याला नाव दिलं 'मिस्टेरियम'. आपल्याकडच्या भाषेत 'गूढियम' म्हणा.

नवा पदार्थ नव्हताच तो. जुनाच हायड्रॉक्सिल मेसर होऊन बोलत होता. मग १९६९ मध्ये मृगात आणि आणखी दोन ठिकाणी पाण्याचा मेसर सापडला, आणि तो शोधणाऱ्या गटात कोण होतं? पुन्हा टाउन्स. ज्या माणसाने प्रयोगशाळेत पहिला मेसर चालवला त्यालाच तो आकाशात भेटला. असं भाग्य फार थोड्यांना.

कॉल कधी वाढते, कमी होते का?

होतो, आणि गेल्या दहा-बारा वर्षांतली सगळ्यात रंगतदार गोष्ट तीच आहे.

वृश्चिकाची नांगी म्हणजे मूळ नक्षत्र. त्याच्या उजवीकडे, किंचित वर, साधारण दोन बोटांवर एक ढग आहे, एनजीसी ६३३४. फोटोत तो पंजासारखा दिसतो म्हणून जगभर त्याला मांजरीचा पंजा म्हणतात. आमच्या पोरांनी फोटो बघताच ठरवलं की हा वाघाचा पगमार्क आहे, आणि आता आमच्याकडे तेच नाव चालतं. या ढगाच्या एका भागात २०१५ च्या सुरुवातीला मिथेनॉल, पाणी, हायड्रॉक्सिल सगळेच मेसर एकदम भडकले. दक्षिण आफ्रिकेतल्या हार्टेबीस्टहूक इथल्या दुर्बिणीने ते टिपलं. इकडे चिलीतल्या आल्मा दुर्बिणीला दिसलं की त्याच जागचा एक बाळतारा, म्हणजे त्याच्याभोवतीची धूळ, कितीतरी पट उजळलीय. ताऱ्याने एकदम मोठा घास घेतला होता. ढग सव्वाचार हजार प्रकाशवर्षांवर आहे, तेव्हा घास हडप्पाच्या काळातला आणि ढेकर २०१५ चा.

त्याच वर्षी एस-२५५ नावाच्या ढगात, सूर्याच्या वीसपट वजनाच्या बाळताऱ्यानेही असाच घास घेतला आणि तिथेही मिथेनॉलचा मेसर भडकला. याला महत्त्व का? वजनदार तारा कसा मोठा होतो यावर बरीच वर्षं वाद होता. छोटे तारे भोवतीच्या चकतीतून घासाघासाने खातात हे माहीत होतं. एवढे मोठेही तसेच वाढतात की दुसरं काही घडतं, हे बघायला मिळत नव्हतं. या घासांनी बघायला मिळालं.

मग जगभरच्या मेसर बघणाऱ्यांनी एकमेकांना लगेच खबर देण्याची व्यवस्था केली, जिप्सीवाले एकमेकांना करतात तशी. जानेवारी २०१९ मध्ये जी-३५८ या जागी मिथेनॉल भडकल्याची खबर आली आणि काही आठवड्यांत कित्येक दुर्बिणी तिकडे वळल्या. त्यात दिसलं ते मला सगळ्यात आवडतं. घासातून सुटलेली उष्णता लाटेसारखी बाहेर पसरत होती, प्रकाशाच्या वेगाच्या ४ ते ८ टक्के वेगाने, आणि जिथे लाट पोचेल तिथले मेसर पेटत होते, मागचे विझत होते. वणव्याची रेघ डोंगरावरून सरकताना रात्री जशी दिसते, तशी.

काही मेसर मात्र घड्याळासारखे आहेत. धनू राशीतला एक दर २४४ दिवसांनी वाढतो आणि उतरतो. कारणावर अजून एकमत नाही.

एवढ्या लांबचं अंतर कसं मोजते? टेप लावते का?

अंगठ्याने. हात लांब करून अंगठा धरा, एक डोळा मिटा, मग दुसरा. अंगठा मागच्या झाडावरून सरकतो. पृथ्वी सहा महिन्यांत सूर्याच्या एका बाजूहून दुसऱ्या बाजूला जाते, तेव्हा जवळचा मेसर दूरच्या दीर्घिकांवरून (आपल्या आकाशगंगेसारख्या दुसऱ्या तारासमूहांवरून) किंचित सरकलेला दिसतो. याला पराशय म्हणतात. सरकणं मोजायचं म्हणजे वेगवेगळ्या बेटांवरच्या, खंडांवरच्या रेडिओ दुर्बिणी एकत्र जोडून एकच अवाढव्य दुर्बीण करायची. मेसरचा ठिपका बारीक आणि झगझगीत, त्यामुळे त्याची जागा इतकी नेमकी सापडते की हजार किलोमीटरवर ठेवलेला केस जाड की बारीक ते सांगावं.

२००६ मध्ये डब्ल्यू-३ या ढगाचं अंतर असं मोजलं तर सुमारे ६,४०० प्रकाशवर्षं निघालं. त्याआधी त्याच्या वेगावरून काढलेला अंदाज याच्या दुपटीहून जास्त होता. पटवाऱ्याचा नकाशा एकीकडे आणि प्रत्यक्ष मोजणी दुसरीकडे, हे आमच्या लोकांना समजावून सांगावं लागत नाही. आज आकाशगंगेच्या फाट्यांचा जो नकाशा आपण बघतो तो बराचसा अशा मेसरच्या मोजणीतून उभा राहिलाय. आपण मध्यापासून साधारण २६,६०० प्रकाशवर्षांवर आहोत आणि आपल्या भागातली आकाशगंगा सेकंदाला २३६ किलोमीटरच्या आसपास वेगाने फिरते, हे आकडेही त्यातलेच.

आपल्या महाराष्ट्रातल्या मोठ्या दुर्बिणीतून दिसतात का?

जुन्नर तालुक्यातल्या खोडदजवळची जीएमआरटी. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, २५ किलोमीटरच्या परिसरात. पण तिचा पट्टा साधारण १४५० मेगाहर्ट्झला संपतो आणि हायड्रॉक्सिलच्या रेषा १६१२ ते १७२० मध्ये येतात. थोडक्यात हुकलं. दूरच्या दीर्घिकांमधले काही हायड्रॉक्सिल मेसर विश्वाच्या प्रसरणाने सरकून तिच्या पट्ट्यात येतात, ते ती बघू शकते. ती खरी तयार आहे हायड्रोजन, पल्सार (गरगर फिरणारे मेलेले तारे) अशा कामांसाठी.

घरच्या छत्रीवर पकडता येईन का?

हा प्रश्न आठवीतल्या एका मुलीने विचारला आणि मी दोन दिवस हिशेब करत बसलो. कारण मिथेनॉलची १२.२ गिगाहर्ट्झची रेषा नेमकी डीटीएचच्या पट्ट्यात येते. म्हणजे प्रत्येकाच्या घरावर मिथेनॉलचा मेसर पडतोय, छत्रीच्या तोंडात जातोय. पण साठ सेंटिमीटरची छत्री फार लहान. माझ्या हिशेबाने सगळ्यात जोरदार मेसरलाही गोंगाटातून वेगळं काढायला ती कित्येक तास त्याच्यावरच रोखून धरावी लागेल.

मग आम्ही सूर्य पकडला. जुनी छत्री, छत्रीचा सिग्नल दाखवणारा सॅटेलाइट फाइंडर, आणि एका मोटरसायकलची बॅटरी. फाइंडरचा काटा आधी नुसता थरथरत होता. मुलीने छत्रीची सावली बघत बघत ती हळूहळू फिरवली, आणि एलएनबीची (छत्रीसमोरच्या दांडीवरच्या डबीची) सावली छत्रीच्या बरोब्बर खालच्या बाजूला आली तेव्हा फाइंडर एकदम किंचाळला. सगळी पोरं दचकली. शेजारच्या म्हशीने दावं ओढलं. छत्री जरा बाजूला केली की गप्प, परत आणली की किंचाळणं. त्या दिवशी 'रेडिओ दुर्बीण' हा शब्द मला पुन्हा समजावून सांगावा लागला नाही.

आपल्या सूर्याच्या टायमाले असा कॉल झाला असन का?

पाण्याचा झाला असू शकतो. मिथेनॉलचा ६.७ वाला नाही, सूर्य त्या वजनात बसत नाही.

हे किरण पिकाले, बाळंतिणीले बाधते का?

नाही. जगातल्या मोठमोठ्या दुर्बिणींना ते पकडताना घाम फुटतो.

शेतकऱ्याले याचा फायदा काय?

सरळ फायदा नाही, खोटं कशाला सांगू. आडवळणाने थोडा आहे. खंडाखंडांवरच्या दुर्बिणी जोडायला जी अचूक घड्याळं लागतात ती हायड्रोजन मेसरची असतात, आणि तीच जात युरोपच्या गॅलिलिओ उपग्रहांवर बसवलेली आहे. तुमच्या मोबाइलचा नकाशा बऱ्याचदा त्यांनाही विचारून रस्ता दाखवतो. पण हा प्रश्न विचारणारे काका रात्री दोनच्या लाइनीत हरभऱ्याला पाणी द्यायला जातात, आणि आता जाताना मला फोन करून सांगतात की आज आभाळ साफ आहे. मी उठतोच असं नाही.

कोणच्या महिन्यात कुठं पाह्याचं?

मेसर डोळ्यांना दिसत नाहीत, ते जिथे आहेत ती जागा दिसते. जानेवारीत रात्री नऊ-दहाला मृग दक्षिणेकडे उंच असतो. मधले तीन तारे, ज्यांना आमच्यातली काही म्हातारी माणसं तिफण म्हणतात, त्यांच्याखाली एक धुरकट ठिपका आहे. साध्या बायनॉक्युलरमधूनही तो धुरकटच दिसतो, तोच मृगातला तेजोमेघ, सुमारे १,३५० प्रकाशवर्षांवर. त्याच्या मागे, न दिसणाऱ्या धुळीत, १९६९ चा तो पाण्याचा मेसर आहे, आणि सिलिकॉन मोनॉक्साइडचा तो अपवादही. या अपवादाचे फोटो जवळजवळ दोन वर्षं महिन्या-महिन्याला काढून त्यांची फिल्म केलीय. ताऱ्याभोवतीच्या चकतीतून वायू वर उडताना तिच्यात चक्क हलताना दिसतो.

जूनमध्ये मृग लागला म्हणून आकाशात मृग शोधू नका. तेव्हा सूर्यच तिथे असतो.

वृश्चिकाच्या नांगीसाठी मार्चअखेर ते एप्रिल, पहाटे साडेचार-पाच. मोह वेचायला निघालेल्या बायकांना तेव्हा ती बरोबर दक्षिणेला, जंगलाच्या रेषेवर दिसते. पंजा त्या नांगीच्या उजवीकडे, किंचित वर.

आपलं नशीब की इथे अजून अंधार शिल्लक आहे. पेंचचा महाराष्ट्राकडचा भाग २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क ठरला आणि सिल्लारीसारख्या गावांतले रस्त्यावरचे दिवे खाली तोंड करून बसवले गेले. आमच्या चौकातला हायमास्ट मात्र अजून आभाळाकडेच बघतो.

शनिवारी याचं तर काय आणायचं?

चटई किंवा पोतं, कानटोपी, आणि टॉर्चला बांधायला लाल कागद. मोबाइल खिशात. थ्री-फेजची पाळी दिवसाची असलेल्या आठवड्यात लवकर बसतो, रात्रीची असेल तर काकांचं ओलित संपल्यावर. रानडुकरांचा माग दिसला तर त्या दिवशी वावरात नाही, शाळेच्या गच्चीवर.